बारमाही हंगाम

अकोले तालुक्यातलं भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. तिथून सुटलेलं पाणी प्रवरेतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शिवारात शिरतं. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर कारखाने. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं 1950 साली लोणीला सुरू झालेला कारखाना त्यातला पहिला सहकारी साखर कारखाना. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव या तिन्ही ठिकाणी कारखानदारीच्या आधारानं इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आज पुण्याच्या हिंजवडीत आणि खराडीत बसून परदेशातल्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे संगणक चालवतात. शनिवार-रविवार आला की त्यांतले कितीतरी जण गाडी काढून पुन्हा भंडारदऱ्यालाच येतात.

पाणी, ऊस, कॉलेज, कंपनी आणि पुन्हा पाणी, असा हा नगर जिल्ह्याचा (आताच्या अहिल्यानगरचा) फेरा आहे. या फेऱ्यात कर्तृत्वाचं कौतुक भरपूर होतं, रजेबद्दल मात्र चोरून बोलावं लागतं. मला ते खटकतं. म्हणून इथल्या घराघरांत या विषयावर जे बोललं जातं ते दोन माणसांच्या तोंडून मांडतो. मामा साखर कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले आहेत. भाची संगमनेरला शिकून पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागलेली, चार दिवसांची रजा काढून आजोळी आली आहे. विषय तिच्या लॅपटॉपवरून निघाला.

मामा : रजेवर आलीस ना? मग हे कशाला सोबत?

भाची : शुक्रवारी रात्री रिलीज आहे, मामा. काही अडलं तर फोन येईल. मॅनेजर म्हणाले, फक्त जवळ असू दे.

मामा : बरोबरच म्हणाले. हंगामात आम्ही घरी जेवायला आलो तरी कान कारखान्याच्या भोंग्याकडे असायचे. बॉयलर पेटला की रजेचा विषय संपला. पंधरवड्याचं ऊसबिल वेळेवर निघालं नाही तर शेतकरी दारात उभा. हजारो सभासद, प्रत्येकाच्या खेपा, काट्यावरचं वजन, सोसायटीची कपात, तोडणी-वाहतुकीचा हिशोब, सगळं मला तोंडपाठ. मी नसलो तर बिल निघायचं नाही.

भाची : आणि हंगाम किती दिवसांचा?

मामा : दिवाळीच्या आगेमागे मोळी टाकली की होळी-पाडव्यापर्यंत. ऊस जास्त असला तर एप्रिलही उजाडायचा.

भाची : मग?

मामा : मग बंद हंगाम. यंत्रं उघडून दुरुस्ती. हंगामी कामगार घरी जायचे, त्यांना रिटेन्शन अलाउन्स मिळायचा. आमच्या रजा तेव्हाच. लग्नंकार्यं, देवदेव, सगळं उन्हाळ्यात.

भाची : म्हणजे तुमचा भोंगा निम्मं वर्ष तरी गप्प असायचा. आमचा बारमाही आहे. इथे रात्र झाली की तिकडे सकाळ उगवते. इथे दिवाळी असते तेव्हा तिकडे तिमाहीचा ताळेबंद असतो. आमच्याकडे मोळी टाकायचा मुहूर्त नाही आणि हंगाम संपल्याचंही कुणी सांगत नाही.

साखर कारखान्याचं काम हलकं होतं असं कुणीही म्हणणार नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं, साखरेचा उतारा घटतो, म्हणून हंगामात तिन्ही पाळ्या चालवाव्याच लागतात. पण ऊस संपला की कारखाना थांबतो, आणि मिल, बॉयलर, टर्बाइन उघडून पाहिल्याशिवाय पुढचा हंगाम धरता येत नाही. यंत्राला थांबावं लागतं म्हणून माणसालाही थांबायला मिळतं. संगणकाच्या धंद्यात यंत्राची ही अडचणच उरली नाही. एक सर्व्हर दुरुस्तीला काढला की दुसरा त्याची जागा घेतो आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. यंत्राला बदली मिळाली, माणसाला मिळाली नाही. या धंद्यातल्या थोरामोठ्यांच्या गोष्टी सांगताना ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. मामांनी पुढे त्याच गोष्टी काढल्या.

मामा : बारमाही असो नाहीतर सहामाही, घड्याळाकडे बघून मोठं काम होत नसतं. अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला नकार दिला. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक निघालं. विजय भटकरांच्या हातात तीन वर्षं आणि तीस कोटी रुपये होते. 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा केला. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा नावाच्या खेड्यातला माणूस! कैलास काटकर साताऱ्याकडचे, रहिमतपूरचे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. धाकट्या भावानं, संजयनं, व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यातून क्विक हील उभी राहिली. नेहा नारखेडे पुण्याच्या पीआयसीटीतली मुलगी. लिंक्डइनमध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर तिनं ‘काफ्का’ नावाचं सॉफ्टवेअर बांधलं. तुमच्या कंपनीतही ते वापरत असतील.

भाची : रोज वापरतो.

मामा : ही माणसं रजेचे अर्ज लिहीत बसली असती तर?

भाची : त्यांनी रजा घेतली की नाही हे तुम्हाला कुठे माहीत आहे? मलाही नाही. लिहिणारे ते लिहीतच नाहीत. पण ज्यांच्या रजेची हकीकत लिहून ठेवलेली आहे ते सांगते. 1969 साल. अमेरिकेतल्या बेल लॅब्जनं मल्टिक्स नावाच्या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं होतं. केन थॉम्पसन तिथेच एका जुन्या, फारसं कुणी वापरत नसलेल्या पीडीपी-7 यंत्रावर खटपट करत होता. त्याची बायको बॉनी वर्षाच्या बाळाला घेऊन नातेवाइकांकडे कॅलिफोर्नियाला गेली, तीन आठवड्यांसाठी. तेवढ्या काळात थॉम्पसननं एडिटर, असेम्बलर आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकेकाला एकेक आठवडा देऊन लिहून काढलं. तीच युनिक्सची सुरुवात. तुमच्या हातातल्या फोनमधलं लिनक्स त्याच वळणाचं आहे. दुसरी गोष्ट 1989 च्या नाताळातली. अॅमस्टरडॅमला गिडो व्हान रॉसमचं ऑफिस सुट्टीसाठी बंद होतं. घरच्या संगणकावर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं एक भाषा लिहायला घेतली. ती पायथन. आपल्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला ती शिकवतात.

मामा : बघ, शेवटी मी म्हणतो तेच! रजेतही ते कामच करत होते. काम अंगात भिनलेलं असलं की रजा आणि काम वेगळं राहत नाही.

भाची : थोडं खरं आहे. पण ते कुणी नेमून दिलेलं काम नव्हतं. त्यांना वाटेल ते करत होते, आणि ते फसलं असतं तरी कुणी जाब विचारणार नव्हतं. माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. तीन आठवड्यांत युनिक्सचा पाया घातला गेला असं सगळे सांगतात. त्या तीन आठवड्यांत बाळ कोण सांभाळत होतं? बॉनीच्या त्या दिवसांना रजा म्हणायचं का?

मामींनी स्वयंपाकघरातूनच नाही म्हणून सांगितलं.

भाची : मीही सांगते. गौरी-गणपतीला काढलेली रजा म्हणजे पहाटे पाचला उठून पुरणाचा घाट. पाहुणे, आरत्या, वाढप, भांडी. सोमवारी ऑफिसात गेले की शेजारचा विचारतो, झाला का आराम? माझ्या खात्यातून रजा तर गेली, पण आराम दुसऱ्यांचा झाला.

मामा : सणवार कुणाला चुकलेत? ते तर आनंदानं करायचं असतं.

भाची : आनंदानं करते मी. पण त्याला माझी विश्रांती म्हणू नका.

मला भाचीचं हे म्हणणं पूर्ण पटतं. थॉम्पसनचं कर्तृत्व यानं तसूभरही कमी होत नाही. पण त्याचे तीन आठवडे कुणीतरी मोकळे करून दिले होते, आणि संगणकाच्या इतिहासात बॉनीचं नाव त्या एका प्रवासापुरतंच येतं. कुणाच्याही रजेची गोष्ट ऐकताना ‘त्या वेळी बाकीचं कोण सांभाळत होतं’ हा प्रश्न आधी विचारावा, मग गोष्ट नीट कळते. मामा मात्र एवढ्यानं हटणारे नव्हते. त्यांनी नगरचाच दाखला काढला.

मामा : मोकळा वेळ सक्तीचा असला तरी जातिवंत माणूस त्याचं सोनं करतो. आपल्या नगरच्या किल्ल्यात नेहरू 9 ऑगस्ट 1942 पासून 28 मार्च 1945 पर्यंत कैदेत होते. 1944 साली एप्रिल ते सप्टेंबर अशा पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झालं. मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ तिथलंच. आणि तुझ्या क्षेत्राचा धागा सांगू? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं देशात बांधलेला पहिला मोठा संगणक 1960 मध्ये चालू झाला. त्याचं ‘टिफ्रॅक’ हे नाव 1962 मध्ये नेहरूंनी ठेवलं. किल्ल्यात ते रिकामे बसले नाहीत, म्हणून असा विज्ञानाचा विचार करणारा पंतप्रधान देशाला मिळाला.

भाची : मामा, तो तुरुंग होता. आझादांच्या पत्नी 1943 मध्ये कलकत्त्यात वारल्या, तेव्हा आझाद याच किल्ल्यात होते. शेवटची भेटसुद्धा झाली नाही. पुस्तक चांगलं झालं म्हणून कैद चांगली ठरत नाही. रजेचंही तसंच. रजेतून पुस्तक निघालं, भाषा निघाली, कंपनी निघाली तरच ती सार्थकी लागली असं धरलं, तर माझ्यासारख्या साध्या टेस्टरनं रजा मागायचीच नाही का? मी चार दिवस झोपले, आईशी बोलले, ओढ्याकाठी बसले. यातून काहीच निघणार नाही. तरी ते चार दिवस माझे आहेत.

मामा : तुझे आहेत, मान्य. पण सगळ्यांनी असंच म्हटलं तर देश कसा पुढे जाणार? नारायण मूर्तींनी 2023 मध्ये आठवड्याला सत्तर तासांचं बोलून दाखवलं, केवढा गदारोळ झाला! त्यांच्या पिढीनं काय दिवस काढलेत. 1981 मध्ये सात जणांनी पुण्यातच इन्फोसिस सुरू केली, बायकोनं साठवलेल्या दहा हजार रुपयांवर.

भाची : ते सात जण स्वतःची कंपनी बांधत होते. जास्तीच्या प्रत्येक तासाचं फळ त्यांच्याच घरी येणार होतं. माझ्या एकाहत्तराव्या तासाचं कुणाच्या घरी जातं?

इथे मामा थोडा वेळ बोलले नाहीत. गाडगीळ-विखे पाटलांच्या सहकारात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न परका नाही. उसाचा भाव कुणी ठरवायचा, घामाचं फळ कुणाच्या पदरात पडायचं, यावरच तर ती सगळी चळवळ उभी राहिली.

भाची मग जुन्या बोलण्याकडे वळली.

भाची : मघाशी तुम्ही म्हणालात, मी नसलो तर बिल निघायचं नाही.

मामा : निघायचं नाहीच.

भाची : रागावू नका, पण आमच्याकडे कुणी असं म्हणालं की शहाणा टीम लीड घाबरतो. फिनलंडच्या लासे कॉलिनची हकीकत ऐका. फाइली आकुंचित करणारं ‘एक्सझेड’ नावाचं सॉफ्टवेअर तो वर्षानुवर्षं बिनपगारी, जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. जगभरातल्या लिनक्स यंत्रांमध्ये ते आहे. 2022 मध्ये त्यानं आपल्या मानसिक आरोग्याच्या त्रासाबद्दल उघड लिहिलं. तरी लोक टोचतच होते, नवी आवृत्ती कधी येणार म्हणून. जिया तान या नावानं वावरणारा कुणीतरी मदतीला आला. त्यानं धीरानं विश्वास मिळवला, हळूहळू किल्ल्या हातात घेतल्या आणि 2024 च्या सुरुवातीला आलेल्या आवृत्त्यांमध्ये चोरवाट दडवून ठेवली. त्या वाटेनं परक्याला दुसऱ्यांच्या सर्व्हरमध्ये शिरता आलं असतं. 29 मार्च 2024 ला अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरनं ती उघडकीला आणली. कशावरून? लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढ्यावरून तो खोदत गेला.

मामा : म्हणजे थकलेल्या माणसाला बदली मिळाली नाही...

भाची : आणि चोर बदली म्हणून आला. त्या जिया तानचं खरं नाव आजही जगाला ठाऊक नाही.

मामा : तुला एक सांगतो. वडिलांचा दहावा उरकून मी घाटावरून थेट कारखान्यात गेलो होतो. पंधरवड्याचं बिल होतं. सभेत माझं नाव घेऊन कौतुक झालं. मलाही अभिमान वाटला.

भाची : दुसरा कुणी तयार नव्हता?

मामा : एक पोरगा होता. हुशार होता. शिकवला असता तर सहा महिन्यांत तयार झाला असता. मीच शिकवला नाही. तो शिकला तर माझी गरज काय उरणार, असं वाटायचं.

या सगळ्या संवादात मला सर्वांत मोलाचं वाक्य हेच वाटतं, आणि ते मामांच्या तोंडून आलं हे बरं झालं. रजा न घेणाऱ्या माणसाला आपण निष्ठावान म्हणतो. पुष्कळदा ती निष्ठा असतेही. पण तिच्या पोटात भीती असते. आपण चार दिवस नसलो आणि काम बिनबोभाट चाललं, तर आपण नसलो तरी चालतं हे सगळ्यांना कळेल, ही ती भीती. नोकरकपातीच्या दिवसांत सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ती हवेतच असते. म्हणून लोक किल्ल्या स्वतःजवळ ठेवतात, पासवर्ड डोक्यात ठेवतात, नोंदी अर्ध्या ठेवतात आणि रजेवर असताना फोन उचलतात. अशा माणसाला ‘जरा विश्रांती घे’ म्हणून काही होणार नाही. तू दुसऱ्याला शिकवलंस तर तुझी किंमत वाढेल, हे त्याला वरून सांगावं लागेल आणि पगारवाढीच्या वेळी ते खरं करून दाखवावं लागेल. माझ्या मते व्यवस्थापक किती चांगला आहे, हे त्याची माणसं किती निर्धास्तपणे रजेवर जातात यावरून ओळखावं.

लिनसचं उदाहरण इथे चपखल आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स हा लिनक्सचा जनक. त्याच्याशिवाय लिनक्स चालेल अशी कल्पनाही पुष्कळांना करवत नव्हती. 16 सप्टेंबर 2018 ला त्यानं जाहीर केलं की सहकाऱ्यांशी आपण ज्या तऱ्हेनं वागतो ते बदलायला हवं, त्यासाठी काही काळ बाजूला होतो. सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमननं सूत्रं हाती घेतली, ठरलेली आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर पडली आणि लिनस परत आला. जगातल्या बहुतेक सर्व्हरांना त्याच्या गैरहजेरीचा पत्ताही लागला नाही. मला तर हे त्याच्या कर्तृत्वाचं शिखर वाटतं. त्यानं सत्तावीस वर्षांत उभं केलेलं काम त्याच्यावाचून चाललं.

मामा : मग तू अच्युत गोडबोल्यांसारखं कर. सोलापूरचा माणूस, आयआयटीतला केमिकल इंजिनिअर, शहाद्याच्या आदिवासी चळवळीत तुरुंगात जाऊन आलेला. तीसेक वर्षं सॉफ्टवेअर कंपन्या सांभाळल्या आणि मग मराठीत पुस्तकं लिहीत बसला. ‘किमयागार’, ‘अर्थात’, ‘बोर्डरूम’. तुला एवढा जाच होतो तर सोडून दे नोकरी.

भाची : मला नोकरी सोडायची नाही, मामा. मला काम आवडतं. रात्रभर न सापडलेला बग पहाटे सापडतो तेव्हा काय वाटतं ते तुम्हालाच कळेल. मला फक्त काम करता करता थांबायला मिळायला हवं. आणि ते कुणाच्या मेहरबानीवर नको. नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधून वर्षानुवर्षं भांडल्यावर 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही आधार त्यांनी दिला होता म्हणतात. आमच्या क्षेत्रात कुणी भांडलंच नाही. पगार चांगला होता, एसी होता, घ्यायला गाडी यायची. म्हणून आम्ही स्वतःला कामगार समजलोच नाही.

मामा : हे मात्र बरोबर. आमची युनियन होती.

भाची कायद्याचं फारसं बोलली नाही, म्हणून ते मी सांगतो. 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम ज्या आस्थापनेला लागू आहे तिथे वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि आठ पगारी सणाच्या सुट्ट्या मिळतात. वर्षात 240 दिवस काम केलं असेल तर दर वीस दिवसांमागे एक हक्काची रजा जमा होते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागूनही रजा नाकारली, तर 45 दिवसांवरची रजा रोखीत घेण्याचा हक्क आहे. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना हा कायदा लागू होत नाही, आणि आयटीत कुणाला कोणतं पदनाम द्यायचं हे कंपनीच ठरवते. कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्येच लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झालेला नाही. फ्रान्समध्ये असा कायदा 2017 पासून आहे. आपल्याकडे उलट सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं आणि आस्थापनांमधले रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायला मान्यता दिली. वारं कोणत्या दिशेनं वाहतंय ते यावरून दिसतं, आणि मला ती दिशा चुकीची वाटते.

कळसूबाईच्या वाटेवर, बारी गावातून वर चढताना, शनिवारी-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते. 1646 मीटरवरच्या त्या शिखरावर पोचलेली मुलं आधी फोटो काढतात आणि मग फोनला रेंज आहे का ते बघतात. मेच्या अखेरीपासून पहिला जोरदार पाऊस होईपर्यंत भंडारदरा-पुरुषवाडीकडे काजवे बघायला गाड्यांच्या रांगा येतात. दिव्यांच्या झोतानं काजव्यांचं मीलन बिघडतं, म्हणून वनखात्याला निर्बंध घालावे लागतात. पाच दिवसांचा शीण दीड दिवसात उतरवायची घाई असली की असंच होणार. अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना या पाहुण्यांमुळे चार पैसे मिळतात, तंबू लागतात, पिठलं-भाकरीची ताटं जातात. त्यांचा तो हंगाम आहे आणि तो पावसाबरोबर संपतो. पाहुणे मात्र जिथून आले तिथल्या न संपणाऱ्या हंगामाकडे रविवारी संध्याकाळी परततात, घाटातल्या कोंडीत अडकून.

मामांनी शेवटपर्यंत एक गोष्ट सोडली नाही. झपाटल्याशिवाय काही उभं राहत नाही, हे त्यांचं म्हणणं. मीही ते सोडायला तयार नाही. ‘परम’ असा तसा झाला नाही, काफ्काही नाही. पण झपाटलेपण माणसाच्या आतून येतं. मॅनेजरनं रोस्टरवर लिहून ते आणता येत नाही, आणि ज्याला कधीच थांबू दिलं जात नाही त्याच्यात ते फार काळ टिकतही नाही. लोणी, संगमनेर, कोपरगावच्या कॉलेजांना माझी एक विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांना बोलावून त्यांचं पद आणि पॅकेज जाहीर करता, ते जरूर करा. त्याच व्यासपीठावर त्यांना विचारा की आज तुम्ही इथे आलात, तर तुमचं काम कोण बघतंय? ज्याला किंवा जिला याचं उत्तर नाव घेऊन देता येईल, त्यांचा सत्कार आधी करा.

वाचक या धंद्यातले असतील तर त्यांनी खात्यावर किती रजा शिल्लक आहे ते आज बघावं. जे काम फक्त आपल्यालाच येतं ते या आठवड्यात एका सहकाऱ्याला शिकवावं. मग पंधरा दिवस आधी अर्ज करावा, आणि कारणाच्या रकान्यात विश्रांती असं स्वच्छ लिहावं.